मेलकावेरीच्या घरातली पाल

सुरुवातीलाच सांगते, मी अमावस्येला नखं कापणारी आणि मांजर आडवं गेलं तर त्यालाच "सरक की रे" म्हणणारी बाई आहे. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर करमणूक म्हणून वाचायचे. दोन-तीन जणांना तर "झोप पूर्ण घेत जा" असा सल्लाही दिलाय. त्या सगळ्यांची माफी मागते आणि माझं सांगते... आता तुम्हीही मला तोच सल्ला द्या, मी काही मनाला लावून घेणार नाही.

माझं माहेर कराडचं. लग्न होऊन आले कुंभकोणमला. माझा नवरा श्रीनिवास तंजावरी मराठी. म्हणजे यांची मंडळी मराठ्यांच्या काळात इकडे आली ती इथलीच झाली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मराठीसुद्धा कसली, तर आपल्या पणजीच्या पणजीची. लग्नानंतर सासूबाईंनी विचारलं, "काय करूलीस ग?" मला वाटलं, करूली नावाचा काहीतरी पदार्थ करायला सांगतायत. "काय करतेस" एवढंच विचारत होत्या बिचाऱ्या.

तमिळ तर त्याहून अवघड. पहिल्या आठवड्यात ज्या दारात जाईन तिथे लोक हात जोडून "वांग, वांग" म्हणत. म्हटलं, या गावाला वांग्याचं भलतंच कौतुक दिसतंय. 'वांग' म्हणजे 'या' हे मला श्रीनिवासने सांगितलं, तेही पोटभर हसून झाल्यावर. माझं तमिळ आजही कामापुरतंच आहे, आणि घाबरले की तेवढंही राहत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर मागच्या वर्षी मी घरं दाखवायचं काम सुरू केलं. बसस्टँडजवळ सेल्वी अक्कांचं छोटं ऑफिस आहे. घरं, प्लॉट, भाड्याच्या जागा असं सगळं त्या बघतात. पगार नाही, सौदा झाला तर वाटा. तोवर पोटापाण्याला माझे तीन जोडधंदे : पहाटे परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवणं, दुपारी पुण्याच्या एका ऑफिससाठी मुलाखती ऐकून टाइप करणं, आणि शनिवार-रविवारी महाराष्ट्रातून नवग्रहांच्या देवळांना येणाऱ्या पाहुण्यांना फिरवणं. सगळी कामं म्हणे 'फ्लेक्सिबल'. फ्लेक्सिबल म्हणजे काम आहे तसंच राहतं, वाकायचं आपण, हे मला महिन्याभरात कळलं. एकदा तर शनीच्या देवळाबाहेर गाडीत बसून 'क, ख, ग' शिकवलंय मी.

पण घरं दाखवायला मला मनापासून आवडायचं. माणूस रिकाम्या घरात पाऊल टाकतो तेव्हा आधी कुठे बघतो ते बघायला आवडायचं. कुणी वर छताकडे बघतं, कुणी नळ सोडून बघतं, एक आजोबा थेट न्हाणीघरात जाऊन गायला लागले होते. हे काम जमलं तर बाकीची तिन्ही सोडायची, असं मी ठरवून टाकलं होतं.

जमत मात्र नव्हतं. चार महिने झाले, एक सौदा नाही. सेल्वी अक्का माणूस चांगली, पण स्पष्ट. म्हणाल्या, "मेघा, आडीच्या आत एक तरी घर उरकून दाखव. नाहीतर मला तमिळ येणारी मुलगी बघावी लागेल." आडी म्हणजे इथला आपल्या आषाढासारखा महिना. त्यात कुणी घर घेत नाही की बदलत नाही, सगळा धंदा महिनाभर गप्प. इकडे सासऱ्यांनी साक्कोट्टैच्या एका शाळेत माझ्यासाठी क्लार्कची जागा बोलून ठेवलेली. "स्थिर काम अहे," एवढंच ते म्हणायचे. मला त्या 'स्थिर'चीच धास्ती वाटायची.

आणि अक्कांनी मला दिलं कुठलं घर, तर कुंभकोणमच्याच मेलकावेरी भागातलं. नदीकडून तिसऱ्या गल्लीत, हिरवं फाटक, दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर. सात महिने बंद. मालक कोइमतूरला. घरात काही खोट नव्हती, पण बघून गेलेलं माणूस परत यायचं नाही. मी तिथे एकटीच जाऊन रिकाम्या हॉलमध्ये तमिळ बोलायची प्रॅक्टिस करायचे. हसू नका.

पहिल्याच दिवशी मागच्या दाराची कडी सापडेना. मी आपली मराठीत पुटपुटत होते, "कडी कुठंय... कडी, कडी..." तेवढ्यात पायाला अशी काही आग झाली की मी उड्याच मारल्या. लाल मुंग्या. सात महिने बंद घर, मुंग्या असायच्याच, म्हणून मी सोडून दिलं.

आडीला दोन दिवस उरले होते. सकाळी दहाची वेळ, लख्ख ऊन. बघायला आलं होतं तिरुनीलक्कुडीचं एक जोडपं, निवृत्त हेडमास्तर आणि त्यांची बायको. गावातल्या घराला पायऱ्या फार आणि अम्मांचे गुडघे गेलेले, शिवाय लेक इथेच मेलकावेरीत राहते. घराची गरज खरी होती, पण अम्मांना अकरा घरं पसंत पडली नव्हती. मास्तरांनी मला फाटकातच इंग्रजीत सांगितलं, "धिस इज द लास्ट वन. हे नाही, तर आम्ही गावातच राहणार."

मी कुलूप काढलं. किल्ली फक्त माझ्याकडे होती. घरात वीज बंद, सिलेंडर नाही, शेगडी नाही, एक वाटीसुद्धा नाही. हे मी शपथेवर सांगते, कारण दोन दिवस आधी मीच झाडून काढलं होतं. अम्मांनी हॉल बघितला. पहिली खोली बघितली. मी दुसऱ्या खोलीतलं भिंतीतलं कपाट उघडलं आणि वरून माझ्या खांद्यावर पडली पाल.

मी सापाला भीत नाही, पालीला भिते. सगळं तमिळ एका क्षणात उडालं आणि मी शुद्ध कराडी आवाजात ओरडले, "पाल... पाल!"

आता इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, तमिळमध्ये आपल्या पालीला 'पल्ली' म्हणतात आणि 'पाल' म्हणजे दूध. दोन, इकडे नव्या घरात शिरल्यावर सगळ्यांत आधी चुलीवर दूध तापवतात आणि उतू जाऊ देतात. त्याशिवाय घर आपलं होत नाही.

त्यामुळे मी अंग झटकत नाचत असताना मास्तर आणि अम्मा गेले सरळ स्वयंपाकघरात, दूध बघायला. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागोमाग धावले, म्हणायला की नाही हो, दूध नाही, पल्ली, पल्ली...

ओट्यावर दूध होतं.

उतू गेलेलं असतं तसं, फेसासकट, ओट्याच्या पूर्वेकडच्या कडेवरून खाली ठिबकत होतं. करपट गोड वास सगळीकडे. भांडं नाही, विस्तव नाही, काही नाही. अम्मांनी बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं. "सुडु," म्हणाल्या, म्हणजे गरम. मग मीही लावलं. चांगलंच पोळलं. खिडक्या आतून बंद होत्या आणि मागच्या दाराची कडी, अखेर सापडलेली, घट्ट लागलेली होती.

तुम्ही विचाराल, फोटो काढला का. माझ्या मोबाइलमध्ये त्या घराचे सत्तेचाळीस फोटो आहेत, दुधाचा एकही नाही. सुचलंच नाही.

अम्मांनी माझा हात धरला. त्यांना वाटलं, मी आधीच येऊन त्यांच्यासाठी मुद्दाम दूध तापवून ठेवलं, शकून म्हणून. "अकरा घरं बघितली, कुणी पाणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. मास्तरांनी तिथल्या तिथे सेल्वी अक्कांना फोन लावला. उद्या येऊन विसाराचे पैसे देतो म्हणाले. मी गप्प बसले.

हो, गप्प बसले. खोटं कशाला सांगू? हे घर झालं तर माझं काम राहणार होतं. आणि खरं सांगितलं तर काय होणार होतं? घरात काहीतरी आहे अशी बोंब उठली असती, घर कायमचं पडून राहिलं असतं, आणि मी साक्कोट्टैला हजेरीपुस्तक लिहीत बसले असते.

घरी येऊन श्रीनिवासला सांगितलं. तो आधी हसला. "अम्ही बाहेर कधीच पाल म्हणत नाही ग. लहानपणीं मी पाल पडली म्हणलं की शेजारीण विचारायची, भांडं धरलं नाहीस का?" मग त्यानं माझ्या बोटावरचा लाल चट्टा बघितला आणि हसायचा थांबला.

सासूबाई मात्र भाजी निवडत शांतपणे म्हणाल्या, "दुधाचं राहूं दे. त्या बाईनं तुझा हात धरला की नाही? तिला खरं सांगून ये."

झालं. दुसऱ्या दिवशी पहाटेचा क्लास संपवला आणि स्कूटर काढून निघाले तिरुनीलक्कुडीला. वाटेत दहा वेळा वाटलं, मागे फिरावं. मास्तर ओसरीवर पेपर वाचत होते. अम्मा म्हणाल्या, "वांग, वांग." मी बसलेही नाही. उभ्या-उभ्याच, निम्मं तमिळ आणि निम्मं इंग्रजी, सगळं ओकून टाकलं. दूध मी ठेवलं नव्हतं. मी पल्लीला बघून ओरडले, आमच्या भाषेत तिला पाल म्हणतात. दूध कुठून आलं मला माहीत नाही. घर नको असेल तर आत्ताच सांगा.

मी मनातल्या मनात शाळेतलं टेबलही बघून घेतलं.

मग मास्तरांनी चष्मा काढला आणि शाळेत समजावतात तसं मला म्हणाले, "तू पाल मागितलंस, पाल आलं. तमिळ घर आहे ते. त्याला मराठी कुठून येणार?"

अम्मा विचारात पडल्या होत्या. "म्हणजे तू नाही तापवलंस," त्या म्हणाल्या. "घरानंच तापवलं... मग तर आणखी बरं." आणि मला कॉफी करायला आत गेल्या. त्या ओसरीवर मी लहान मुलीसारखी रडले, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

परत येताना मला मुंग्या आठवल्या. कडी, कडी... संध्याकाळी श्रीनिवासला विचारलं, तमिळमध्ये 'कडि' म्हणजे काय? तो म्हणाला, "चाव."

विसार आडीच्या आदल्या दिवशी झाला. सेल्वी अक्कांना मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, "पुढच्या घरात दुधाच्या ऐवजी अड्वान्स, अड्वान्स असं ओरड." टायपिंग मी सोडलंय. देवळं आणि ऑनलाइन मुलं अजून आहेत, पण त्यानंतर तीन घरं झाली. सासरे आता आल्यागेल्याला "अम्ची सून घर देते" असं सांगतात, जणू काही मी पदरचं देते.

दूध कुठून आलं? मी शेजारी विचारलं, मालकाला विचारलं, गल्लीतल्या दूधवाल्यालाही विचारलं. मालकाच्या माहितीत त्या घरात कधी काही वेगळं घडलं नव्हतं. त्या घरानं दुसऱ्या कुणाचं ऐकल्याचं कुणाला आठवत नाही. माझंच का ऐकलं? मी एकटीच तिथे तासन्‌तास मोडकंतोडकं बोलत बसायचे म्हणून? मला खरंच माहीत नाही, आणि ज्याला माहीत असेल त्यानं खाली लिहावं. झोपेचा सल्ला सोडून.

आडी सरल्यावर मास्तरांनी गृहप्रवेश केला. अम्मांनी स्वतः दूध तापवलं, या वेळी भांड्यात, आणि सगळ्यांदेखत ते उतू गेलं. मग हॉलमध्ये केळीच्या पानांवर पंगत बसली. जेवण असं की मी दोनदा भात घेतला. शेजारी बसलेल्या श्रीनिवासने एका भाजीकडे बघून मराठीत विचारलं, "ही कसली ग?"

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. भाजी वांग्याची होती.

मी नुसतं बोटानं दाखवलं. त्या घरात मी तो शब्द उच्चारणार नाही. कोण येईल, सांगता येत नाही.