न विरघळणारं मीठ

कल्याणच्या बंदरावर होडीत भरतीची वाट बघत बसलं, की मिठागरातला तो म्हातारा हमखास गोष्ट सांगायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गोष्टही एकच. खाडीत गिऱ्हा राहतो, म्हणजे पाण्यातलं भूत. त्याची शेंडी कापून आपल्या मांडीत शिवली, की तो सांगू ते करतो. मिठागरातल्या एका गड्यानं तसं केलं आणि मागितलं, "अवकाळी पावसात माझं मीठ विरघळू देऊ नको." गिऱ्ह्यानं शब्द पाळला. मग ते मीठ आमटीतही विरघळेना! लग्नाच्या पंगतीत वऱ्हाडी खडे चावतायत, व्याही पडलेला दात शोधतोय. म्हातारा त्या व्याह्याची अशी नक्कल करायचा, की अख्खी होडी हसायची. तो स्वतः मात्र हसत नसे. त्याचा एक हात सतत मांडीवर असायचा.

त्या साली माझी मुलगी तापानं गेली होती. एकदा गोष्ट संपल्यावर मी हळूच विचारलं, "बाबा, गेलेलं माणूस आणून देतो का हो तो?"

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "हसून घ्या, मास्तर. हसनाऱ्याला मागावंसं वाटत नाय. म्हनून तर सांगतो."

त्यानं मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसले, तेव्हा होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात काहीतरी टपटप पडलं. मी वाकून पाहिलं. मिठाचे बारीक खडे होते.

भरती आली, होडी सुटली; पलीकडचा काठ येईपर्यंत मी त्या खड्यांकडे बघत होतो. ते विरघळले नाहीत.