खडपातली मी दाखवलेली जागा

१९९८च्या उन्हाळ्यात, लग्नाला वर्ष होत आलं असताना, मी सासूबाईंबरोबर ओहोटीला खडपावर, उघड्या पडलेल्या खडकांवर, कालवं काढायला गेले. पाण्यातले जिवंत दगड पांढरे पडले होते. प्रवाळ हा शब्द तेव्हा आम्हाला माहीत नव्हता. एरवी ते तपकिरी, हिरवट असायचे. सासूबाई म्हणाल्या, "कोणी चुनो ओतलो काय गो हय?"

पावसानंतर पाहिलं, तर बहुतेकांवर काळपट शेवाळ चढलं होतं. त्यांच्यात फिरणारे रंगीत मासेही दिसेनात. एका खळग्यातले सात-आठ गोल दगड तेवढे पुन्हा तपकिरी झाले. दर मोठ्या ओहोटीला मी ते बघून यायची.

काही वर्षांनी आमच्या यांनी जाळी कमी केली आणि पर्यटकांना पाण्याखालचं दाखवायला होडी लावली. एकदा म्हणाले, "जिते दगड खंय उरलेत, ता तुकाच ठावक. दाखव." हे मला काही विचारतात, असं क्वचितच. मी खुशीत जागा दाखवली.

यांच्या मागोमाग महिनाभरात तिथे पाच-सहा होड्या येऊ लागल्या. भरतीला नांगर पडायचे, माणसं दगडांवर उभी राहायची. ओहोटीला जाऊन बघावं तर दोन-तीन फुटलेले, एक उलटा पडलेला. तरी तोंड उघडायला चार दिवस लागले.

"थंय नांगर टाकू नकात."

"मग खंय टाकू? तुझ्या डोक्यार?" हे हसले. "चौथी शिकलंस आणि सायबीण झालंस!"

"दगड मेले तर लोकांका काय दाखवशात?"

पुढच्या ओहोटीला यांनी बाजूच्या मेलेल्या खडकाला दोर बांधला आणि तो तरंगता राहावा म्हणून त्याला रिकामा कॅन अडकवला. नांगर न टाकता सगळे आपल्या होड्या त्या दोरालाच बांधू लागले.

२०१०च्या उन्हाळ्यात मात्र पाणी पायाला कोमट लागू लागलं आणि उरलेले चार दगडही पांढरे झाले. या वेळी नांगर नव्हता, कोणी उभंही राहिलं नव्हतं. सांगायचं तरी कोणाला?

पाऊस सरल्यावर हे स्वतःच माझ्याबरोबर आले. एका दगडाच्या कडेला तपकिरी डाग होता. जीव परततोय की शेवाळ धरतंय, कळेना. मी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

"जितो आसा मा?" यांनी विचारलं.

"आज समजाचा नाय. अमावास्येच्या मोठ्या ओहोटीक परत येवया."

घरी पोचेपर्यंत यांनी आणखी दोनदा विचारलं, "पण तुका काय वाटता?"