शेवटच्या गाडीतला वॉकीटॉकी

भावसिंग राठोडच्या नाकावर माशी बसत नसे, आणि का बसावी? कळमनुरीच्या डोंगरपट्ट्यात जिथे बैलही पाय टाकताना विचार करील, तिथून तो आपली जुनी जीप काढायचा आणि मागे येणाऱ्या शहरातल्या सात-आठ चकचकीत गाड्यांना वाट दाखवायचा. थंडी पडली की नांदेडहून, परभणीहून हौशी मंडळी येत. त्यांना डांबरी रस्ता नको असायचा. नाला, खडक, चिखल हवा असायचा. तांड्यातले लोक पोट धरून हसायचे. "चांगला रस्ता सोडून खड्ड्यात जायला लोक येऊन राहिले, काय म्हणावं!" भावसिंग म्हणायचा, "हसा लेकहो. माझं घर चाललंय त्याच्यावर."

सगळ्यांत पुढे भावसिंगची जीप, मधे पाहुणे आणि सगळ्यांच्या शेवटी दुसऱ्या जीपमध्ये त्याचा पोरगा देविदास. त्या जीपमध्ये दुपारच्या जेवणाची पातेली असायची आणि पातेल्यांजवळ देविदासची बायको शिला. पण मागच्या वर्षी मधलीच एक गाडी चुकून भलत्या खोऱ्यात उतरली. डोंगरात मोबाईलला रेंज नाही. तीन तास शोधाशोध झाली. सापडली तेव्हा आतल्या बाईने रडून रडून डोळे सुजवून घेतले होते. तेव्हापासून भावसिंगच्या जिवाला घोर लागला. आपल्या भरवशावर डोंगरात आलेल्या माणसाचं बरंवाईट झालं, तर तोंड कुठे लपवायचं? म्हणून यंदा त्याने ठरवलं, प्रत्येक गाडीत वॉकीटॉकी.

घेताना मात्र त्याने हिंगोलीच्या ओमप्रकाश दुकानदाराचा जीव काढला. ओमप्रकाशने आधी छोटे रंगीत सेट पुढे केले. "हे खेळणं तुझ्या लेकराला ठेव," भावसिंग म्हणाला. मग लांब पल्ल्याचे मोठे निघाले. ते हातात घेऊन तो खूश झाला, पण त्यांना सरकारी परवाना लागतो म्हटल्यावर त्याने ते गुपचूप खाली ठेवले. शेवटी परवाना लागत नाही असे कमी ताकदीचे सेट पसंत पडले, तेही लगेच नाही. दोन सेट त्याने डोंगरात नेले. देविदासला टेकडीआड पाठवून बोलायला लावलं. मोकळ्यावर आवाज बराबर येई, टेकडी आडवी आली की नुसती खरखर. सेट पाण्यात बुडवून पाहिला, धुळीत लोळवला, दिवसभर चालू ठेवून बॅटरी पाहिली. सगळे सेट एकाच चॅनलवर ठेवायचे, म्हणजे एकाने बोललेलं सगळ्यांना ऐकू जाईल, हे त्याला फार आवडलं.

पैसे घेताना ओमप्रकाशने विचारलं, "शेवटच्या गाडीत बोलणार कोण, काका? चालवणाऱ्याचे हात मोकळे नसतात."

"घरचंच माणूस हाय," भावसिंग म्हणाला.

घरचं माणूस म्हणजे शिला, आणि इथंच तर घोडं पेंड खात होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण शिला सासऱ्याशी एक शब्द बोललेली नव्हती. भांडण नव्हतं हो! तांड्याची जुनी रीत. सासरा समोर आला की पदर तोंडावर ओढायचा आणि काही सांगायचं तर सासूकडे, नीलाबाईकडे बघून सांगायचं. "चहा झालाय म्हणा." सासराही नीलाबाईलाच म्हणायचा, "आण म्हणावं." आजकाल तांड्यातल्या कितीतरी सुना ही रीत सोडून मोकळ्या झाल्या. भावसिंगच्या घरात ती चालूच होती आणि चार माणसांत तो ती मिरवायचाही.

आदल्या दिवशी देविदास चाचरत म्हणाला, "बापू, शिला बोलंल का त्याच्यात? तुमी ऐकून राहणार ना."

"बटण दाबायचं अन् बोलायचं. त्याला काय शाळा लागती?" भावसिंगने विषय संपवला. पाण्याला, धुळीला, टेकडीला विचारून आलेला माणूस, पण सुनेला विचारायचं काही त्याला सुचलं नाही.

जानेवारीतला रविवार. आठ गाड्या नाल्यात उतरल्या. भावसिंग पुढून सांगत होता, "डाव्या अंगाला खडक हाय, हळू घ्या," आणि मागून पाहुणे "ओके काका" म्हणत होते. त्याचे पाय जमिनीवर नव्हते. नाला चढून पाहुणे वर आले आणि सेट अचानक मुका झाला. खरखर नाही, आवाज नाही, कोणीतरी बटण दाबून गप्प बसल्यासारखं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. मागच्या गाडीतला एक पाहुणा खिडकीतून हसला, "काका, तुमचे सेट बिघडले वाटतं!"

एवढं ऐकलं आणि भावसिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकं पारखून घेतलेलं आणि पाहुण्यांसमोर फजिती! बटण सुटल्याबरोबर तो सेटमध्ये ओरडला, "कोन हाय रे ते गाढव? बोलायचं न्हाई तर बोट काढ तिथून! पुन्हा हात लावू नको!"

बटण पुन्हा दाबलं गेलं नाही. पुढे त्याने दोनदा विचारलं, "देविदास, आला का वर?" उत्तर नाही. नाल्याच्या वळणावर टेकडी आडवी असेल, असं त्याने मनाशी धरलं. तपासलेलं होतं ना त्याने! पठारावर जाऊन गाड्या थांबल्या, पाहुण्यांनी फोटो काढले. पाऊण तास गेला तेव्हा वाटेने कोणी पळत येताना दिसलं. शिला होती. पायात चप्पल नाही, हातात सेट नाही, पदर मातीत लोळतोय. ती भावसिंगजवळ आली नाही. पहिल्या दिसलेल्या पाहुण्याचा हात धरून ओरडली, "जीप मागं घसरली! त्यांचा पाय खडकात सापडला, शुद्ध न्हाई त्यांना!"

भावसिंग आल्या वाटेने खाली धावला. चाकाखाली दगड लावायला देविदास खाली उतरला होता आणि जीप त्याच्यावर आली होती. दोराने ओढून सहा जणांनी जीप हलवली. आखाडा बाळापूर मागे टाकून गाडी नांदेडकडे पळत होती आणि पोराचं डोकं मांडीवर घेऊन भावसिंग सारखं एकच म्हणत होता, "डोळे उघड रे, बापा, डोळे उघड."

डॉक्टरने संध्याकाळी सांगितलं. जीव वाचेल, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. रक्त फार वेळ अडकलं. अर्धा तास आधी आणलं असतं तर पाय राहिला असता.

अर्धा तास. दवाखान्याच्या बाहेर भावसिंगला उभं राहवेना, बसवेना. नीलाबाई तांड्यावरून आली होती, तिच्या पाठीशी शिला. कुणावर तरी हे सगळं टाकल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नव्हता. तो नीलाबाईवर खेकसला, "इचार तिला! सेट हातात होता ना? काहून बोलली न्हाई? इचार!"

शिलाने पदर मागे सारला. चेहरा उघडा, डोळे कोरडे. ती सरळ सासऱ्याकडे बघून बोलू लागली.

"बापू, तीनदा बटण दाबलं म्या. तुमी ऐकून राहिले, सगळे पाव्हणे ऐकून राहिले, तोंडातून शब्द निघंना. मंग म्हणलं, मरू दे ती रीत, आता बोलायचंच. तितक्यात तुमी म्हणले, बोट काढ गाढवा. म्या काढलं."

काहीतरी बोलायला हवं होतं, पोरीला काहीतरी सांगायला हवं होतं. सवयीप्रमाणे भावसिंगने नीलाबाईकडे पाहिलं.

"माझ्याकडं काहून बघता?" नीलाबाई म्हणाली. "ती समोर उभी हाय. तिलाच सांगा."