मामांनी फोनवर घेतलेलं स्थळ

जगात परका म्हणून कुणी माणूस असतो, हे आमच्या हिच्या थोरल्या मामांना अजून कुणालाही पटवता आलेलं नाही. ताडकळसला त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, पण ते नावाला. खरा उद्योग लग्नं जुळवण्याचा, आणि तोही फुकटचा. गिऱ्हाईक पातेलं मागायला येतं आणि मामा त्याला आधी गाव विचारतात, मग आजोळ, मग घराण्याचा मठ, मग घरात लग्नाचं कोण आहे ते. एकदा एसटीत कंडक्टर तिकिटाचं विचारायला आला, तर यांनी त्याचेच पाहुणेरावळे विचारत पूर्णा गाठलं. तिकीट दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. कंडक्टरच्या बहिणीचं लग्न मात्र त्याच उन्हाळ्यात झालं.

ही सगळी स्थळं मामांच्या संगणकात असत. समाजातल्या चाळीसेक घरांनी विश्वासाने दिलेले मुलींचे फोटो, जन्मवेळा, फोन नंबर. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली की मामा संगणकाच्या पडद्यावरही भस्माचे तीन पट्टे ओढत आणि मगच बटण दाबत. त्यामुळे वरच्या चार ओळी कुणालाच वाचता येत नसत, मामांनाही.

एका बाजाराच्या दिवशी मी दुकानात गेलो, तर मामा फोनवर त्यांच्या खास हिंदीत बोलत होते, "वो व्हायरस का होता रहेगा. पहले ये बोलो, लगन हुआ क्या तुम्हारा?" कंपनीतून बोलतोय, तुमच्या संगणकात रोग शिरलाय, अशी समोरच्याने सुरुवात केली होती म्हणे. अर्ध्या तासात मामांनी त्याचं वय, शिक्षण, बाप वारल्याचं, आई गावी एकटी असल्याचं, सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. मी पडद्याकडे पाहिलं. बाण आपोआप फिरत होता आणि एकेका मुलीचा फोटो उघडून मिटत होता.

"मामा, हे कोण करतंय?"

"त्योच की! बसल्या जागेवरून साफ करायलाय. लय हुशार पोरगं हाय, जावईबापू. त्यानं सांगितलं तसे आकडे दाबले मी."

मी संगणकाची तार उपटली आणि फोनही कापला. मामा खवळले. "पाहुण्याचं बोलणं मधीच तोडलं तुमी! ज्यानं आपल्या मायचं गाव सांगितलं, त्याला घरात घ्यायला कशाची हरकत?" तो चोर होता हे त्यांच्या डोक्यात शिरायला दोन कप चहा लागला. शिरलं तेव्हा ते बंद पडद्याकडे वळले. "पोरींचे फोटो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मामा घरोघर निघाले. फोन करता आला असता, पण चूक समोर बसून कबूल करायची असते असा त्यांचा हट्ट. एसटीने, जीपने, पार येलदरीपर्यंत. मी सोबत होतो. प्रत्येक दारात हात जोडून, "तुमची लेक माझ्या भरोशावर होती. माझ्याच्यानं चूक झाली." लोक बुचकळ्यात पडत. दोन घरांत स्थळ आलं समजून पोहे झाले, आणि येलदरीच्या बाईंनी तर मुलीला साडी नेसून यायला आत पिटाळलं. नीट उलगडा झाल्यावर बहुतेक जण हसले. "होतंय की, मामा. तुमी कशाला मनाला लावून घ्यायलाव?"

पाथरीच्या एका घरी मात्र मुलीचे वडील हसले नाहीत. "आमच्या लेकीचं नाव तुमच्या यादीतून काढा," म्हणाले आणि छापील फोटोही परत मागितला. मामांनी तो पिशवीतून काढून दोन्ही हातांनी दिला. मला त्यांच्याकडे बघवेना.

परतीच्या जीपमध्ये त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "त्या फोनवाल्यानं मायचं सांगताना आवाज बारीक केला होता. ते बी खोटंच असंल का हो?"

याला आता बरेच महिने झाले. फोटोंचं पुढे काही वाईट झाल्याचं कानावर आलं नाही. बाकीची घरं मामांना अजून आग्रहाने बोलावतात. मामांच्या तोंडी मात्र पाथरीच्याच मुलीचं नाव. तिचा फोटो त्यांच्याकडे नाही, बापाची परवानगी नाही, तरी कुठे चांगला मुलगा दिसला की मला कोपऱ्यात घेऊन विचारतात, "तिच्यासाठी कसा वाटतो?"

चांगला आहे, असं मी म्हणतो. मामा थोडा वेळ त्या मुलाकडे बघत राहतात.

"पर आपुन कोण सांगणारे आता," म्हणतात आणि त्याला त्याचं गावही न विचारता पुढे चालू लागतात.