नालवाडीचा सांबार विमानानं दिल्लीला

आईच्या लेखी गावांचं अंतर भाजी किती टिकते त्यावर ठरायचं. वर्ध्याचा बाजार सांबाराच्या पल्ल्यातला, पुलगाव वांग्यांच्या, आणि दिल्ली फार तर कोहळ्याच्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि तो मान टाकायला वेळ लावत नाही. म्हणून ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात दिल्लीच्या भाजी प्रदर्शनानं स्पर्धेसाठी आईच्या वाफ्यातला सांबार मागवला, तेव्हा घर आधी हरखलं आणि मग तासांचा हिशेब करू लागलं. भाजी त्याच दिवशी उपटलेली हवी, दुपारी तीनला टेबलावर हवी, अशी अट होती. रेल्वेला जवळजवळ अख्खा दिवस लागायचा.

मी तेव्हा वर्ध्याच्या एका शाळेत शिकवत होते. साठवलेल्या पगारातून नागपूर-दिल्ली विमानाची दोन तिकिटं काढली. पोरीला वेड लागलं, असं बाबा म्हणाले. लागलंच होतं. आईच्या वाफ्याला दिल्लीचं बोलावणं होतं!

तांबडं फुटताना आईनं जुड्या मुळांसकट उपटल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. नालवाडीहून सायकलरिक्षानं स्टँड, तिथून नागपूरची एसटी. सेलूला गाडी थांबली तेव्हा चहा आणि आलूबोंडा घेतला. पाऊणशे किलोमीटरला दोन तास गेले. पुढचं साडेआठशे किलोमीटरचं आकाश विमानानं दीड तासात कापलं. तेवढ्या वेळात आमची एसटी नागपूरच्या अलीकडच्या बुटीबोरीपुढे सरकत नसे.

बोचकं आईनं मांडीवरच ठेवलं. त्यातून पाणी ठिबकत होतं. हवाई सुंदरीनं ते दुसरीकडे ठेवायला सांगितलं, तर आईनं आणखी घट्ट धरलं. शेवटी ती बिचारी खाली वर्तमानपत्र अंथरून गेली. ढगांकडे आईनं एकदाच पाहिलं असेल. मला मात्र सारखं विचारत होती, "किती राह्यलं बाई आता?"

टॅक्सीनं आम्ही पावणेतीनला पोचलो. परीक्षकांनी काडी मोडून पाहिली, ती कट्‌कन मोडली. मी सुटकेचा निःश्वास सोडणार, तोच त्यांच्या कपाळाला आठी पडली. वर्ध्याहून माल इतका टवटवीत येऊच शकत नाही, तुम्ही तो इथल्या मंडईतून उचलला, असं म्हणून त्यांनी यादीतलं आईचं नाव खोडायला पेन टेकवलं. पर्समध्ये मी तिकिटं शोधू लागले.

आईनं शांतपणे जुडी उलटी केली. मुळांना आमची काळीभोर माती चिकटून होती.

"साहब, ये मिट्टी हमारे वावर की है. ऐसी तुमारे दिल्ली में दिखाओ."

त्यांनी माती बोटांत चोळली, पेन खिशात घातलं आणि सगळ्यांसमोर माफी मागितली. आईला दुसरा नंबर मिळाला. पहिला कोणाचा होता, ते मला आज आठवतही नाही.

घाई असेल तर जाताना विमान घ्या, पण येताना रेल्वेच बरी. आईनं इटारसी यायच्या आत अख्ख्या डब्याला मातीची गोष्ट सांगून टाकली होती.

त्या उड्डाणातलं आता फारसं आठवत नाही. आठवतो तो परतल्यानंतरचा वर्ध्याचा बाजार, आई जुड्या विकायला बसलेली. एका बाईनं जुडी उचलून, पानं दाबून विचारलं, "मावशी, ताजा हाय ना?"

एरवी अशा प्रश्नाला आई फणकारायची. त्या दिवशी तिनं पदर सारखा केला.

"आजचाच हाय. पटत नसन त दिल्लीले विचारून ये."