गोदीच्या मायचा हात

गोदीची माय माणसांशी कमी आणि त्यांच्या हातापायांशी जास्त बोलायची. बाळंतिणीला पाटावर बसवलं की तिच्या तोंडाकडे बघणंसुद्धा नाही. सरळ पोटरीला हात घालायची आणि म्हणायची, "काऊन बे, काल त मऊ करून सोडला होता तुले. आज पुन्हा गोटा कसा झाला?" पोटरी बिचारी काय बोलणार? मग मांडीला दटावणं, पाठीला लाडीगोडी, खांद्याला "आता तरी खाली उतर ना बाप्पा, कोनाचं ओझं घेऊन राह्यला?" असं सगळं त्या अंगाशीच चालायचं. पुण्याकडून आलेल्या एका मास्तरीणबाई पहिल्या दिवशी रडकुंडीला आल्या होत्या. त्यांना वाटलं, ही बाई आपल्यालाच अरेतुरे करते आहे. पुढच्याच आठवड्यात त्या "आज माझ्या कमरेला जरा नीट बोला हो" असं स्वतःहून म्हणायला लागल्या.

आमचं गाव मेहकर तालुक्यातलं, बाजाराला जानेफळला जाणारं. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, मोठे साहेब नागपुरात बसायचे आणि दवाखाना होता तो तालुक्याला, बैलगाडीनं जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. त्यामुळे गावातलं दुखणं पहिल्यांदा यायचं ते गोदीच्या मायकडे. तिचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. नवरा लवकर गेला, गोदी तेवढी एकुलती एक. मी गोदीची मैत्रीण. माझं माहेर आणि सासर त्याच गावात, मधे फक्त एक ओढा. सासू म्हणजे सख्खी मामी, पण तिचं मामीपण माझ्या लग्नाच्या दिवशीच संपलं. रीतीला फार कडक बाई. कोणी काही वेगळं करू म्हटलं की तिचं एकच, "रीत म्हंजे रीत." मी तोंडाची फटकळ, तेव्हाही होते आणि आजही आहे, पण तिच्यापुढे माझी बोलती बंद व्हायची.

गोदीच्या मायच्या हाताला स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण कढवून ती घरोघर फिरायची, पण तेल नसतानाही हात चालूच. देवळात कीर्तन ऐकायला बसली तर शेजारणीचं पोर मांडीवर घ्यायची आणि अभंग संपेपर्यंत त्याच्या तळपायांना आकार देत राहायची. एका लग्नात वरमाईचा हात धरून ख्यालीखुशाली विचारता विचारता तिनं तिच्या मनगटाची लचक काढून दिली होती. वरमाय किंचाळली, मांडवात गोंधळ उडाला. गोदीची माय ओशाळून म्हणाली, "मी काय करू? हातात हात आला की माहा हात आयकतच नाही." गोदी आणि मी हसून हसून लोळलो होतो.

पण मालीश म्हणजे जादू आहे असं तिनं कधी कोणाला भासवलं नाही. शेवंताच्या पोराला ताप येऊन गेला आणि त्याचा एक पाय लुळा पडला. शेवंता तिच्या पायाशी येऊन बसली. गोदीच्या मायनं तो पाय बराच वेळ मांडीवर घेऊन पाहिला आणि म्हणाली, "हा पाय येनार नाही, बाई. खोटं सांगून तुले आस लावनार नाही. पन याले थंडा पडू देनार नाही मी, अन आखडू बी देनार नाही." वर्षानुवर्षं ती त्या पायाला तेल लावायला जात होती. पाय भरला नाही. पण तो वाकडा झाला नाही, दुखायचा थांबला, आणि काठीच्या आधारानं ते पोर शाळेत जायला लागलं. शेवंता बापडी तेवढ्यावर तिला देवीच्या जागी मानायची.

तिचा एक नेम मात्र कोणासाठी मोडत नसे. तेलाची वाटी खाली ठेवली की आधी पालथा हात पोटावर. अंग कोमट असलं तर मालीश. ताप लागला तर हात मागे, वाटी उचलली आणि घरच्यांना सांगितलं, "गाडी जुंपा, डाक्टरले दाखवा." मग पाया पडा, रडा, काही उपयोग नाही.

मी रडले होते म्हणून मला ठाऊक. माझ्या पहिल्या बाळंतपणात, मुलगा दहाएक दिवसांचा असेल, थानात दूध गोठून गाठ झाली आणि मी तापानं फणफणले. कंबर तुटत होती, पाय आभाळाला टेकवावेत असं वाटत होतं. गोदीची माय आली, पालथा हात ठेवला आणि लांब भिंतीशी जाऊन बसली, दोन्ही हात पदरात गुंडाळून. मी नुसते पाय दाबून द्या म्हणून विनवलं, मग चिडले, मग तिला नाही नाही ते बोलले. ती हलली नाही. शेवटी म्हणाली, "माही नणंद अशीच बाळंतीन होती, पोरी. अंगात ताप, पाय सुजलेला. दुखते दुखते म्हनत होती, म्हनून मी चोळला. रातभर चोळला. सकाळी उठून बसली, छातीवर हात ठेवला अन गेली. माह्या हातानं गेली ती." मग मला गाडीत घालून तालुक्याला नेलं, डॉक्टरांनी गाठ फोडली, ताप उतरला. परत आल्यावर तिनं मला दोन वेळा न्हाऊ घातलं आणि मागची सगळी थकबाकी चोळून काढली. मला वाटायचं, जगात माझ्याइतकं लाडकं तिला कोणी नाही. असं गावातल्या प्रत्येक पोरीला वाटायचं.

माझा मुलगा बसायला लागला होता तेव्हा गोदी पहिल्या बाळंतपणाला आली. तिला दिली होती देऊळगाव राजाच्या बाजूला, माणसं चांगली होती. मुलगी झाली. गोदीची माय त्या दिवशी पहिल्यांदा मला लहान पोरीसारखी दिसली. नातीच्या तळव्याला बोट लावून म्हणाली, "इच्याशी काय बोलू वं मी? शब्दच सुचून नाही राह्यले."

चारच दिवस गेले असतील. मी सकाळी मुलाला कडेवर घेऊन गेले तर गोदीची माय दारात बसलेली, तेलाची वाटी शेजारी, तेल गार झालेलं. आत गोदी बाजेवर तळमळत होती. डावा पाय मांडीपर्यंत सुजलेला, पांढराफटक. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "ताप हाये."

माझ्या नवऱ्यानं गाडी पाठवून डॉक्टरांना आणलं. भला माणूस, उन्हातान्हात आला. पाय उशीवर ठेवायला सांगितला, औषध दिलं, हलवू नका म्हणाला, चोळू तर मुळीच नका, आतली रक्ताची गुठळी छातीत चढेल. गोदीची माय म्हणाली, "मले ठाऊक हाये, साहेब." डॉक्टरांनी तिच्याकडे बघून मान डोलावली. बाहेर गाडीपाशी मात्र माझ्या नवऱ्याला म्हणाले की आपल्या हातात आता फारसं काही नाही. तेव्हा जर्मनीशी लढाई चालू होती. या तापावरची सुई आमच्याकडे पोचायला आणखी किती तरी वर्षं लागायची होती. आता सूनबाईला चार सुयांत बरं वाटलेलं पाहते तेव्हा मला आनंद व्हायला हवा. होतो. पण आधी गोदी आठवते आणि जीव जळतो.

त्या दोनतीन दिवसांत गोदीनं दुसरं काही मागितलं नाही. पाणी नाही, नवरा नाही, पोरगीसुद्धा नाही. फक्त, "माय, पाय चोळून दे वं. नुसता हात फिरव." आणि माय दारात. उंबऱ्याच्या आत येईना. ओल्या पट्ट्या मी ठेवायची, औषध मी पाजायची. मला राग आला. मी म्हटलं, "चोळू नका, पण तिचा हात तरी धरा. आई आहात ना तुम्ही?" तिनं आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. म्हणाली, "धरला त चोळतीन हे. माहं आयकनार नाहीत. तुले माहीत नाही का?" आणि तिनं ते हात पदरात गुंडाळून दातांनी गाठ मारली. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते. पोरीला हात लागू नये म्हणून स्वतःचे हात बांधून बसलेली आई मी पुन्हा कुठे पाहिली नाही, आणि देव करो, कोणाला न दिसो.

शेवटच्या सकाळी गोदी शुद्धीवर होती. आईकडे बघून म्हणाली, "साऱ्या गावच्या पोरी चोळल्या तुनं. मीच काय केलं वं?"

"ताप उतरू दे, गोदे. मंग डोक्यापासून पायापर्यंत चोळीन तुले. तू बस म्हनशील तोवर."

"उतरन का?"

"उतरते, माय. उतरते."

ऊन अंगणात यायच्या सुमाराला गोदी गेली. तोवर तिनं पुन्हा पायाचं नाव काढलं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. गोदीच्या मायनं त्यानंतर गावात कोणाला तेल लावलं नाही. जावयानं पोरीला नेलं आणि नातीला सांभाळायला तीही त्याच्याबरोबर गेली. एकदा देऊळगावला बालाजीच्या यात्रेत भेटली. नात पुढे पळत होती, ही मागे. मी तिचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ धरून उभी राहिले. हात गप्प होता. मला तिथेच, भर गर्दीत रडू कोसळलं. माझी समजूत घालत ती म्हणाली, "डाक्टर म्हनला होता, चोळलं नाही ते बरं केलं. बरं केलं त मले झोप काऊन येत नाही, पोरी?"

पण मला ती आठवते ती गोदी गेली त्या दिवशीची. बाळंतपणात गेलेल्या बाईला लोक फार भीत. बायका दाराबाहेर कुजबुजत होत्या, लवकर उचला, घरात पोरगी आहे, तिच्या ओढीनं भूत होऊन मागं फिरेल. आंघोळ घालायला कोणी पुढे होईना. माझी सासू आली होती. सगळे तिच्याकडे बघत होते, कारण अशा वेळची रीत तिलाच ठाऊक. हळद-कुंकू लावायचं, दोन तांबे पाणी घालायचं आणि निघायचं, एवढंच ती सांगणार, हे आम्हाला माहीत होतं.

तेवढ्यात गोदीची माय चुलीवरून तेल घेऊन आली. ऊन ऊन वाफ येत होती. तिनं वाटी खाली ठेवली आणि पालथा हात गोदीच्या पोटावर ठेवला. थोडा वेळ तसाच राहू दिला.

"उतरला ताप," ती म्हणाली.

मग तिनं गोदीचा सुजलेला पाय मांडीवर घेतला आणि चोळायला लागली. सावकाश, टाचेपासून वर. पाय झाले, हात झाले. एकेक बोट तिनं वेगळं चोळलं. कोपऱ्यात गोदीची पोरगी भुकेनं रडायला लागली तेव्हा मी माझा मुलगा खाली ठेवला आणि तिला पदराखाली घेतली. ती चुटुचुटु ओढायला लागली. समोर आजी तिच्या आईची पाठ चोळत होती.

बाहेर पुरुष मंडळी ताटकळली होती. वेळ होत होता. कोणीतरी जरा चढ्या आवाजात विचारलं, "अजून किती वेळ बाप्पा? काय चाललं हाये आत?"

माझी सासू उठली. दाराशी गेली, अर्धं दार लोटून घेतलं आणि फटीतून म्हणाली, "थांबा जरा. बाळंतीण न्हाऊन राह्यली."