हट्ट्याच्या पायाळू बाई

समोरचा माणूस बोलत असताना पायाळू बाई मध्येच उठून उभ्या राहत. सरपंच असोत, की कण्हत आलेली एखादी म्हातारी असो, थोडा वेळ झाला की बाई खुर्ची सोडत, भिंतीला पाठ टेकवत आणि म्हणत, "तुम्ही बोला, मी ऐकते आहे." गावाने हा शहरी तोरा ठरवला. तो तोरा नव्हता. कंबरदुखीवर संशोधन करणाऱ्या या डॉक्टरबाईंची स्वतःची कंबर शिकत होत्या तेव्हापासून दुखत होती. त्यांनी ते लपवले नाही आणि आपण होऊन सांगितलेही नाही. मी विचारले म्हणून मला कळले. ज्यांनी कधी विचारले नाही, ते आज त्यांच्याविषयी अधिकाराने बोलतात.

त्यांत पहिला मान आमचे मेहुणे दत्तराव यांचा. वारंगा फाट्यावर त्यांचे टायरचे दुकान आहे, आणि जिल्ह्यात काहीही घडले तरी त्याची एक आवृत्ती त्या दुकानात तयार होते. बाईंविषयीची आवृत्ती अशी: "ती बाई लाथ मारून मणके बसवायची अन् त्यालाच संशोधन म्हणायची. तिच्या नादानं आमच्या अक्काचं ऑपरेशन हुकलं." अक्का म्हणजे त्यांची बहीण, माझी पत्नी गिरजा. बाईंचे काम आमच्या हट्टा गावच्या समाजमंदिरात चाले आणि त्याची किल्ली, निवृत्त मुख्याध्यापक या नात्याने, माझ्याकडे असे. जे झाले ते माझ्यादेखत झाले. दत्तराव त्या काळात एकदाही हट्ट्यास आले नव्हते.

बाई एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून आल्या होत्या. जुनी कंबरदुखी का हटत नाही आणि कशाने हटते, हा त्यांचा विषय. आमचा हळदीचा पट्टा. काढणीत बाया दिवसचे दिवस ओणव्या, पुरुषांच्या पाठीवर पोती. अभ्यासाला माणसांची वाण नव्हती. काहींना नेहमीप्रमाणे गोळी आणि मलम, काहींना समजावणी आणि रोज थोडी थोडी वाढवत न्यायची हालचाल, आणि शेवटी दोहोंची तुलना, अशी त्यांची रीत होती.

समजावणी ऐकण्यासारखी असे. कोणी एक्स-रेची फिल्म काढून दाखवली आणि "मणक्यात गॅप हाय" म्हणाले, की बाई त्याला विचारीत, "केस पिकलेत ना तुमचे? ते दुखतात का? मणक्यांचंही वय होतं. ज्यांचं काहीच दुखत नाही, त्यांच्या फिल्मांतही हे दिसतं." मग दुखते ते खोटे काय, असे कोणी रागावून विचारलेच, तर म्हणत, "अजिबात खोटं नाही. घरात चोर येऊन गेला, त्याला वर्षं झाली. पण कुत्रं अजून भुंकतंय. कुत्रं खरं आहे. चोर मात्र आता घरात नाही." दत्तरावांनी यातून "दुखणं मनाचं आहे म्हणते" एवढेच उचलले. तसे बाई कधीही म्हणाल्या नाहीत. आणि त्या ऑपरेशनच्या विरुद्ध होत्या, हेही धादांत असत्य आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एका गृहस्थाचे पाऊल लुळे पडत चालले होते आणि लघवी अडली होती. त्याला त्यांनी एकही व्यायाम शिकवला नाही. त्याच तासाला स्वतःच्या गाडीतून नांदेडला ऑपरेशनसाठी पाठवले.

पहिल्या भेटीत त्या प्रत्येकाला एकच प्रश्न करीत, "दुखण्यापायी काय सोडलंत?" गिरजाला विचारला तेव्हा मी शेजारीच होतो. शहरातील एका डॉक्टरने तिला बजावले होते, खाली बसलात तर कायमच्या अंथरुणाला खिळाल. तेव्हापासून ती जमिनीवर बसली नव्हती. मला वाटले, ती पोळपाट म्हणेल, परसातली मेथी म्हणेल. ती म्हणाली, "बायकांत जाणं सोडलं. बारसं असू द्या, मयत असू द्या, समद्या खाली बसतात. मी एकली खुर्चीवर, कलेक्टरीणबाईवानी. लाज वाटती." इतक्या वर्षांच्या संसारात हे मी त्या दिवशी प्रथम ऐकले.

त्याच भेटीत निघताना गिरजाने सहज विचारले, "बाई, तुमी पायाळू का हो?" जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, त्याने कमरेला पाय लावला की भरलेली उसण उतरते, ही आमच्याकडील जुनी समजूत. कंबरेचे काम करणाऱ्या माणसाला हे विचारणे आमच्याकडे रीतीचेच आहे. दुसरा कोणी शहाणा असता तर नाही म्हणून मोकळा झाला असता. बाई खरे बोलल्या. "हो," म्हणाल्या, "आई सांगते तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमंदिरापुढे बाया-माणसे भिंतीकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून रांगेने उभी. सर्वांत पुढे गावातल्या वृद्ध हलीमाबी. "बाई, हळूच लावा बरं का. हाड म्हातारं हाय."

"आजी, मी पाय लावला आणि तुम्ही बऱ्या झालात, तर तुम्ही कशानं बऱ्या झालात हे मला कधीच कळणार नाही."

"मला बरं व्हायचं हाय. कळायची तकलीफ तुमची तुमी घ्या!"

सगळी रांग हसली; बाईही हसल्या. पण पाय त्यांनी कोणालाही लावला नाही. कित्येक जण रागावून परत गेले आणि पुन्हा आले नाहीत. अभ्यास तेथेच निम्मा मोडल्यासारखा झाला. लाथा मारून नाव कमावणारी बाई त्या सकाळी पाय आवरून का उभी राहिली, याचे उत्तर दत्तरावांनी मला आजवर दिलेले नाही.

गिरजा समजावणीच्या गटात होती; ती मात्र येत राहिली. चालणे वाढले. ओणवे होणे जमले. पाटावर बसणेही एकदा जमले. पण जमिनीशी आली की ती भिंत धरून पुन्हा उभी राही. आठवड्यांमागून आठवडे गेले. इकडे दत्तरावांनी तिच्या मणक्याच्या ऑपरेशनची तारीखही घेऊन ठेवली. शेवटी गिरजा बाईंना म्हणाली, "पाय लावा. मंग बसते."

बाई उठून भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, "काकू, पाय लावला तर तुम्हाला माझ्या अभ्यासात धरता येणार नाही. इतक्या दिवसांची तुमची मेहनत त्यातून जाईल."

"जाऊ द्या की. मला अभ्यासात न्हाई, बायकांत बसायचंय."

यापुढचा क्रम मी मुद्दाम नोंदवतो, कारण सर्व वाद त्याविषयीच आहे. बाईंनी आधी गिरजाला अभ्यासातून कमी केले. माझ्यादेखत, कारण लिहून, सही करून. त्यानंतर चप्पल काढली, पाय धुतला, भिंतीला हात टेकून उभ्या असलेल्या गिरजाच्या कमरेला तो तीनदा लावला, आणि लगेच वाकून तिला नमस्कार केला. वडीलधाऱ्या बाईला पाय लागला होता. गिरजा वळली, पदर खोचला आणि हळूहळू खाली बसली. मांडी घातली.

"दुखतंय का?" बाईंनी विचारले.

"दुखतंय की! पर बसले."

ऑपरेशनची तारीख गिरजाने स्वतः रद्द केली. पुढे दुखणे कधी कमी, कधी जास्त, असे अखेरपर्यंत राहिले. ते गेले असे मी म्हणणार नाही. पण गावातले एक बारसे तिने चुकवले नाही. गेल्या पौषात ती हृदयविकाराने गेली. सकाळी चहा केला आणि गेली. दहाव्याला दत्तराव चार लोकांत म्हणाले, "तवा ऑपरेशन झालं असतं तर अक्का आज असती." मी त्यांना विचारले, हृदय कोणत्या मणक्यात असते. मला जिंकल्यासारखे वाटले नाही. काहीच वाटले नाही.

बाई नंतर भेटायला आल्या. अभ्यासाचा निबंध छापून आल्याचे त्यांनी मी विचारल्यावरच सांगितले. समजावणीच्या गटाला गुण आला, पण थोडा. माणसे गळाल्यामुळे ठामपणे काही म्हणता येत नाही, असे त्यांनीच त्यात लिहिले आहे.

"गिरजाला धरले असते तर?" मी म्हणालो.

"गुण थोडा बरा दिसला असता."

"मग धरायचे होते. कोणाला कळले असते?"

"नाही काका," एवढेच त्या म्हणाल्या.

त्या निबंधात आमच्या गावच्या बाया नावाने नाहीत, आकड्यांत आहेत. गिरजा आकड्यांतही नाही. चहा संपल्यावर बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "काका, तुमचं कुठे दुखतंय?"

मी नीट विचार केला. खोटे बोलण्याचा माझा स्वभाव नाही. "कोठेच नाही," मी म्हणालो.

त्यावर त्यांनी काही समजावले नाही. गाडी बाहेर ताटकळत होती, तरी संध्याकाळपर्यंत माझ्यापाशी बसून राहिल्या.